अमेरिकेतील कापूस अनुदान: पैसे पिकाला, जमिनीला की नोंदीला?

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, तेव्हा विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: अमेरिकेचा शेतकरी सरकारी अनुदानावर कापूस पिकवतो, त्याच्याशी आमची बरोबरी कशी व्हायची? तक्रार खरी आहे, पण ती अर्ध्यावरच थांबते. अमेरिकेत अनुदान मिळते हे आपल्याला ठाऊक असते. ते कोणत्या भावावर, किती एकरांवर, कोणाच्या नावावर आणि केव्हा मिळते, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. हा तपशील नीट पाहिला की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. तिथला हमी दिलेला भाव आणि आपला हमीभाव यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते पैसे पोहोचवण्याच्या रीतीत आणि जमिनीच्या आकारात.

एका काउंटीपासून सुरुवात

अमेरिकेतील राज्यांचे प्रशासकीय विभाग म्हणजे काउंटी. देशभरात त्या ३ हजारांहून अधिक आहेत. टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून, गेन्स नावाची काउंटी आहे आणि सेमिनोल हे तिचे मुख्य गाव आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौरस मैल, म्हणजे आपल्या संपूर्ण गोव्यापेक्षा थोडे अधिक. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत २२ हजारांच्या आत. रेताड जमीन, अनिश्चित पाऊस, दरवर्षी खाली जाणारे भूजल, आणि या सगळ्यावर उभी असलेली कापसाची व भुईमुगाची शेती असे तिचे स्वरूप आहे. पाऊस, पाणी आणि पिके यांची ही यादी आपल्याकडच्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही.

अशा शेतीप्रधान काउंटीत केंद्रीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीचे कार्यालय असते. (काही ठिकाणी दोन-तीन काउंट्या मिळून एकच कार्यालय असते.) शेतकरी दर हंगामात तिथे जाऊन कोणत्या शेतात काय पेरले याची नोंद करतो, आपल्या ई-पीक पाहणीसारखेच हे काम आहे. कार्यालयाबरोबर एक स्थानिक समितीही असते, तिचे सदस्य शेतकरीच असतात आणि त्यांना शेतकरीच मतदानाने निवडून देतात. अनुदानाचा कायदा वॉशिंग्टनमध्ये होतो, पण नोंदी आणि पात्रता यांचा निर्णय गावपातळीवर, ओळखीच्या माणसांसमोर होतो. तरीही अनुदान किती मिळेल हे ठरवणारा सर्वांत मोठा आकडा या ताज्या पेरणीच्या नोंदीतून येत नाही. तो एका बऱ्याच जुन्या नोंदीतून येतो, आणि त्याकडे थोड्या वेळात वळू.

ही व्यवस्था आली कुठून

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. १९३२ पर्यंत रुईचा भाव पौंडाला सुमारे ६ ते ७ सेंटांवर आला होता. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने शेतीविषयक कायदा करून मार्ग काढला तो असा: पीक कमी करा, आम्ही पैसे देतो. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरील उभे कापसाचे पीक नांगरून टाकण्यात आले. १९३६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण १९३८ आणि १९४९ च्या कायद्यांनी सरकारी आधाराची चौकट पुन्हा उभी केली, आणि तेव्हापासून साधारण दर पाच वर्षांनी नवा शेती कायदा करण्याची प्रथा पडली.

या आरंभातच एक दोष राहिला होता आणि तो आजच्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. दक्षिणेकडील कापूस पट्ट्यात जमीन एकाची आणि कसणारा दुसरा, अशी बटाईची पद्धत सर्रास होती. कसणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. पीक कमी करण्याचे पैसे मालकाच्या हाती गेले, पीक कमी झाल्यामुळे कसणाऱ्याची गरज संपली, आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडून बाहेर पडावे लागले. १९३४ साली आर्कान्सा राज्यात कुळांची संघटना उभी राहिली ती याच अन्यायातून. शेतीच्या नावाने दिलेला पैसा शेती करणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न तेव्हापासून या व्यवस्थेच्या मानगुटीवर आहे.

पुढे पद्धती अनेकदा बदलल्या. १९७३ मध्ये ठरावीक भाव आणि बाजारभाव यांतील फरक देण्यास सुरुवात झाली. १९९६ मध्ये भाव कितीही असला तरी ठरावीक रक्कम देण्याचे धोरण आले. २०१४ मध्ये ती सरसकट रक्कम बंद होऊन आजची रचना आली. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या मोठ्या अर्थविषयक कायद्यावर सही केली, त्याने हीच रचना कायम ठेवून तिच्यातील भाव बरेच वाढवले.

भावातील तूट कशी मोजतात

मुख्य योजनेचे नाव प्राइस लॉस कव्हरेज. आपण तिला भावतूट भरपाई म्हणू. मका, सोयाबीन, गहू, भात, भुईमूग, कापूस आणि आणखी काही पिकांसाठी कायद्याने एक संदर्भ भाव लिहून ठेवलेला आहे. भाजीपाला आणि फळे या यादीत नाहीत. पूर्ण विपणन वर्षातील देशाचा सरासरी बाजारभाव संदर्भ भावापेक्षा खाली राहिला तर फरकाची रक्कम मिळते. वर राहिला तर काहीच मिळत नाही. सरकार माल विकत घेत नाही, गोदामात ठेवत नाही, आर्द्रता मोजत नाही. शेतकऱ्याने स्वतःचा माल कोणाला, केव्हा आणि किती भावाने विकला याच्याशीही या हिशेबाचा संबंध नसतो. एखाद्याने देशाच्या सरासरीपेक्षा चांगला भाव मिळवला तरी त्याची भरपाई कमी होत नाही, आणि घाईत स्वस्त विकले तर ती वाढत नाही.

कापसाच्या बाबतीत एक गंमतीशीर तपशील आहे. तिथला संदर्भ भाव सरकीसकट कापसाचा आहे, पण अमेरिकेतील शेतकरी सरकीसकट कापूस सहसा विकतच नाही. तो जिनिंग करून रुई आणि सरकी वेगवेगळी विकतो, आणि सरकार त्या दोन भावांवरून सरकीसकट कापसाचा भाव कागदावर काढते. यवतमाळचा शेतकरी मात्र वेचलेला कापूस तसाच गाडीत भरून बाजारात नेतो. म्हणजे तिथे जो भाव केवळ आकडेमोडीसाठी आहे, तोच आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात पडणारा खरा भाव आहे, आणि त्यामुळे दोन्हींची तुलना सरळ करता येते.

२०२५ च्या कायद्याने हा संदर्भ भाव पौंडाला ३६.७ सेंटांवरून ४२ सेंटांवर नेला. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ४२ सेंट म्हणजे क्विंटलला सुमारे ८,१५० रुपये होतात. आपल्याकडे २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये आहे. विनिमयाचा दर थोडा इकडेतिकडे झाला तर शे-दोनशे रुपयांचा फरक पडेल, पण मुद्दा बदलत नाही: कागदावर दोन्ही देशांनी आपापल्या कापूस उत्पादकाला जवळपास सारखाच भाव कबूल केला आहे.

बेस एकर: जमिनीला चिकटलेली नोंद

आता त्या जुन्या नोंदीकडे. फरकाची रक्कम यंदा पेरलेल्या एकरांवर मिळत नाही. प्रत्येक शेताच्या नावावर, पूर्वीच्या विशिष्ट वर्षांतील पेरणीवरून, अमुक एकर कापसाचे, अमुक एकर गव्हाचे अशी नोंद कायम केलेली असते. तिला बेस एकर म्हणतात. सातबाऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचे पीक लिहिलेले असावे आणि मदत त्या पिकाच्या आजच्या भावावरून मिळावी, असे काहीसे हे आहे. शेतकऱ्याने यंदा त्या शेतात कापसाऐवजी ज्वारी पेरली तरी कापसाच्या बेस एकरांवरील रक्कम त्याला मिळते. उलट, एखाद्याने नव्याने कापूस सुरू केला आणि त्याच्या जमिनीवर बेस एकर नसतील, तर भाव कितीही पडला तरी या योजनेतून त्याला काही मिळत नाही. २०२५ च्या कायद्याने अशा जमिनींसाठी देशभरात ३ कोटी एकरांपर्यंत नवे बेस एकर देण्याची सोय केली, याचे कारणही हेच.

यामागचा विचार वाईट नव्हता. पेरणीवर पैसे दिले तर सगळे तेच पीक पेरतात, उत्पादन वाढते, भाव आणखी पडतो आणि सरकारचा खर्च आणखी वाढतो. जुन्या नोंदीवर पैसे दिले तर शेतकरी बाजार पाहून पीक निवडतो, असे गृहीत होते. पण या तर्काचा शेवट कुठे होऊ शकतो हे २००६ साली वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने दाखवले. टेक्सासमधील जुन्या भातशेतीच्या जमिनी तुकडे करून घरांसाठी विकल्या गेल्या होत्या, आणि त्या तुकड्यांवर भाताचे बेस एकर शिल्लक असल्यामुळे, कधीही भात न लावलेल्या घरमालकांनाही त्या काळातील सरसकट अनुदान मिळत होते. पुढे नियम कडक झाले. २००९ ते २०१७ या सगळ्या वर्षांत केवळ गवत असलेल्या जमिनींवरील रक्कम २०१८ च्या कायद्याने थांबवली. मूळ तत्त्व मात्र तसेच राहिले.

एकच सूत्र, दोन शेते

एक काल्पनिक हिशेब करू. टेक्सासमधील एका शेतावर कापसाचे १,००० बेस एकर आहेत आणि नोंदीतील उत्पादकता एकरी १,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार क्विंटल आहे. हा आकडा आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही ओळखीचा आहे. वर्षाचा सरासरी भाव ३६ सेंट निघाला, तर फरक ६ सेंट. कायदा बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवरच रक्कम देतो, म्हणजे ८५० एकर, साडेआठ लाख पौंड, आणि भरपाई ५१ हजार डॉलर. रुपयांत सुमारे ४५ लाख. हाच भाव, हेच शेत, पण जुना ३६.७ सेंटांचा संदर्भ भाव लावला असता तर रक्कम ५,९५० डॉलर झाली असती. त्याच वर्षात, त्याच मातीत, कायद्यातील एका ओळीने जवळजवळ नऊपट फरक पडतो. अमेरिकेतील शेतकरी संघटना वॉशिंग्टनमध्ये इतक्या जागरूक का असतात, हे या दोन आकड्यांवरून समजते.

आता अगदी तेच सूत्र महाराष्ट्रात लावू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर जमीन आहे. सगळ्या जमिनीवर कापसाची नोंद आहे, उत्पादकता तीच, भाव तोच, ८५ टक्क्यांचा नियम तोच, असे मानले तर भरपाई होते सुमारे १५ हजार रुपये. अमेरिकेत २०२२ च्या गणनेनुसार सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे, आणि पश्चिम टेक्सासमध्ये कापूस पिकवणाऱ्याकडे १,००० एकर असणे ही नवलाची गोष्ट नाही.

क्विंटलमागे दोघांनाही सारखेच पैसे मिळाले. तरी एकाचे वर्षभराचे कर्ज फिटले आणि दुसऱ्याचा पुढच्या हंगामाचा बियाण्याचा आणि खताचा खर्चही पुरता निघाला नाही. भावावर आधारलेल्या कोणत्याही अनुदानाचा हा स्वभाव आहे, मग ते तिथले असो की आपल्याकडचे: ते मालाच्या प्रमाणात जाते, माणसांच्या प्रमाणात नाही.

काउंटीची सरासरी आणि आपले महसूल मंडळ

भावतूट भरपाईला एक पर्याय आहे. त्यात केवळ भाव न पाहता काउंटीचे सरासरी उत्पादन आणि भाव यांचा गुणाकार पाहतात. हे एकरी उत्पन्न मागील पाच वर्षांच्या आधारे काढलेल्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांखाली गेले की रक्कम मिळते. ही पातळी पूर्वी ८६ टक्के होती, २०२५ च्या कायद्याने ती ९० टक्के केली. शेतकऱ्याने प्रत्येक पिकासाठी दोहोंपैकी एक योजना निवडायची असते. २०२५ च्या पिकासाठी मात्र ज्या योजनेतून अधिक रक्कम निघेल ती आपोआप देण्याची तरतूद आहे.

या पर्यायातील अडचण मराठी शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पीक विम्यात महसूल मंडळाची सरासरी काढली जाते आणि ज्याचे शेत वाहून गेले त्याला, मंडळातील इतरांचे पीक बरे आहे म्हणून, हात हलवत परत यावे लागते. गोव्याहून मोठ्या काउंटीत एका कोपऱ्यात गारपीट होते आणि दुसऱ्या कोपऱ्यात विहिरीच्या पाण्यावरचा कापूस उत्तम येतो, तेव्हा तिथेही हेच घडते. म्हणून अनेक काउंट्यांत बागायती आणि कोरडवाहू पिकांच्या सरासऱ्या वेगळ्या ठेवतात, आणि वैयक्तिक नुकसानीसाठी शेतकरी वेगळा पीक विमा घेतो, ज्याच्या हप्त्यातील मोठा वाटा सरकार उचलते.

याखेरीज तारण कर्जाची योजना आहे. आपल्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेसारखीच ती सुरू होते: माल गोदामात ठेवा, ठरलेल्या दराने कर्ज घ्या. फरक शेवटी आहे. बाजारभाव कर्जाच्या दराखाली गेला तर अमेरिकेतील शेतकरी कमी दराने परतफेड करू शकतो, किंवा माल सरकारच्या स्वाधीन करून कर्जातून पूर्ण मोकळा होऊ शकतो.

पैसे उशिरा येतात, म्हणून मधले पैसे

वर्षभराची सरासरी काढायची म्हणजे वर्ष संपेपर्यंत थांबावे लागते. कापसाचे विपणन वर्ष ऑगस्ट ते जुलै असते. मे २०२५ मध्ये पेरलेल्या कापसाची भरपाई, ती देय असल्यास, ऑक्टोबर २०२६ नंतर हातात येते. तोवर पुढचे पीकही वेचणीला आलेले असते. या दरम्यान बँकेचे कर्ज, खत, डिझेल आणि भाडेपट्टा हे थांबत नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली तेव्हा तिच्या नावातच पूल हा शब्द होता. पडलेले भाव आणि वाढवलेल्या संदर्भ भावाची रक्कम यांच्या मधला काळ ओलांडण्यासाठीचा पूल, असा त्याचा अर्थ. अशी तात्कालिक मदत नवी नाही. चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाल्यावर २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांसाठी मिळून २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटण्यात आली, आणि २०१९ मध्ये तर प्रत्येक काउंटीला वेगळा दर ठरवून दिला होता: एकरी १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. सोयाबीन असो की मका, एका काउंटीत सगळ्यांना एकच दर. कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेकडील काउंट्यांचे दर वरच्या टोकाला होते, आणि शेजारच्या काउंटीतील शेतकरी कुंपणापलीकडे पाहून विचारत होते की माती तीच, पीक तेच, मग दर वेगळा का? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, आणि सरासरीवर चालणाऱ्या योजनांत त्याचे समाधानकारक उत्तर नसते.

मर्यादा असूनही मोठ्यांना अधिक का मिळते?

एका व्यक्तीला वर्षाला मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा आहे. ती १ लाख २५ हजार डॉलर होती, ती २०२५ च्या कायद्याने १ लाख ५५ हजार केली. पण भागीदारीत चालणाऱ्या शेतीत प्रत्येक पात्र भागीदाराची मर्यादा स्वतंत्र धरतात, आणि २०१८ च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडेही आणली. आपल्याकडे जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला तेव्हा कागदोपत्री वाटण्या कशा झाल्या हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातले गणित उलगडून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गळती डोळ्यांना सहज दिसत नाही. रोख भाड्याने जमीन कसणारा असेल तर अनुदान कायद्याने त्यालाच मिळते. पण जमिनीच्या मालकालाही बेस एकर ठाऊक असतात, आणि पुढचा करार करताना तो भाडे वाढवतो. अनुदानाचे किती टक्के असे भाड्यात जातात यावर शेती अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, तसे घडते यावर नाहीत. १९३३ मध्ये मालकाने पैसे उघडपणे ठेवून घेतले होते. आज त्याचा काही भाग भाड्याच्या रूपाने त्याच्याकडे जातो.

‘पेरणीशी संबंध नाही, तर जगाच्या भावावर परिणाम कसा?’

अमेरिकेचा अनेक वर्षांचा युक्तिवाद हाच होता. ब्राझीलने तो मान्य केला नाही आणि २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. भाव पडल्यावर मिळणाऱ्या अमेरिकी अनुदानांमुळे जगातील रुईचा भाव लक्षणीय दबला, असा तो निकाल होता. या अनुदानांत बेस एकरांवर दिली जाणारी फरकाची रक्कमही होती. भाव कितीही असो, ठरावीक मिळणारी सरसकट रक्कम मात्र भाव दाबण्याच्या या दोषातून सुटली.

हा भेद समजून घेण्यासारखा आहे. भाव पडला तरी भरून मिळेल अशी खात्री असलेला शेतकरी, भाव पडल्याचा संकेत मिळूनही, सवयीचे पीक सोडत नाही. त्याची बँकही त्याला कर्ज नाकारत नाही. त्याने विकत घेतलेली वेचणीची महागडी यंत्रे त्याच पिकाला बांधलेली असतात. कागदावर पेरणीशी नाते तोडले तरी व्यवहारात ते सुटत नाही. आणि अमेरिका स्वतःची बहुतेक रुई निर्यात करत असल्यामुळे, तिथे टिकून राहिलेला प्रत्येक एकर जगाच्या बाजारात जाणवतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार मांडली होती, कारण त्यांच्या लाखो लहान शेतकऱ्यांचे वर्ष याच भावावर ठरते.

निकालानंतर जे झाले ते सहज पचणारे नाही. अमेरिकेने आपले अनुदान ताबडतोब बदलण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलमधील कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. त्याच वर्षीच्या कायद्याने कापूस भावतूट भरपाईच्या यादीतून काढला. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तो सरकीसकट कापूस या नव्या नावाने यादीत परत आला.

‘आपला हमीभावही अनुदानच नाही का?’

आहे. आणि अमेरिका ते वारंवार सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने भारताच्या कापूस हमीभावाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत स्वतःचा हिशेब सादर करून, भारताचा आधार परवानगीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचा दावा केला. परवानगीची मर्यादा विकसनशील देशांसाठी उत्पादन मूल्याच्या १० टक्के आणि विकसित देशांसाठी ५ टक्के आहे. या हिशेबाची मेख त्याच्या सूत्रात आहे: आजच्या हमीभावाची तुलना आजच्या जागतिक भावाशी न करता १९८६ ते १९८८ या काळातील भावाशी केली जाते, आणि प्रत्यक्ष खरेदी कितीही कमी असली तरी सगळे पात्र उत्पादन हिशेबात धरण्याचा अमेरिकेचा आग्रह असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या महागाईला अनुदान म्हणण्याचा हा प्रकार आहे, असे माझे मत आहे.

यात आपली बाजूही पूर्ण स्वच्छ नाही. निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा आणि ऐन हंगामात आयातशुल्क कमी करणे या निर्णयांनी सरकारच शेतकऱ्याचा भाव पाडते. यालाच शेतकरी नेते शरद जोशी उणे सबसिडी म्हणत असत. एका हाताने ८,११० रुपयांचा हमीभाव आणि दुसऱ्या हाताने शुल्कमुक्त आयात, अशी अवस्था २०२५ च्या हंगामात कापूस उत्पादकाने अनुभवली. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती. पण त्या अडचणीचा भार कोणावर टाकायचा, याचा निर्णय सरकारनेच घेतला.

‘मग आपणही फरकाची रक्कम का देऊ नये?’

मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली तेव्हा हाच प्रयोग केला. अडचण अशी झाली की फरक काढण्यासाठी धरलेला भाव त्याच हंगामातला, मोजक्या आठवड्यांतला आणि काही राज्यांच्या बाजारांतला होता. फरक सरकार देणार हे व्यापाऱ्यांना ठाऊक होते, शेतकऱ्याला योजनेच्या मुदतीतच माल विकायचा होता, सगळा माल एकदम बाजारात आला आणि भाव आणखी पडल्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या. योजना मागे पडली. २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ती तिथे पुन्हा आली. अमेरिकेची पद्धत इथे अधिक विचारपूर्वक आहे असे म्हणावे लागते. संपूर्ण देशाची, संपूर्ण वर्षाची सरासरी कोणत्याही एका बाजारातील व्यापारी हलवू शकत नाही, आणि शेतकऱ्याला विक्रीची घाईही होत नाही. किंमत एवढीच की पैसे वर्षभर उशिरा येतात, आणि ३.३ एकरांच्या शेतकऱ्याकडे वर्षभर थांबण्याची ताकद नसते.

महाराष्ट्राला या बाबतीत अनुभव कमी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्याने सगळा कापूस स्वतः विकत घेण्याचा मार्ग अनेक वर्षे चालवून पाहिला. खरीप २०२३ च्या कापूस आणि सोयाबीनसाठी मात्र सरकारने भावाचा हिशेबच बाजूला ठेवून हेक्टरी ५ हजार रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत दिले. क्षेत्राची ही मर्यादा मला अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा न्याय्य वाटते, कारण तिने पैसे लहान खातेदाराकडे वळतात. पण क्विंटलमागे हजार-बाराशे रुपये खाली विकलेल्या कापसाचे नुकसान हेक्टरी ५ हजारांत भरून निघत नाही.

आणि पात्रता पुन्हा नोंदीवरच येऊन थांबली. ई-पीक पाहणीत पीक दिसले पाहिजे, बँक खाते आधारला जोडलेले पाहिजे, सातबाऱ्यावर नाव पाहिजे. विदर्भात जो शेतकरी ठोक्याने दुसऱ्याची जमीन करतो, बियाणे, खत आणि मजुरी स्वतःच्या खिशातून घालतो, आणि भाव पडल्यावर ज्याचे नुकसान होते, त्याच्या करारावर बहुधा कागदच नसतो. टेक्सासमधील भाडेपट्ट्याने कसणारा निदान काउंटीच्या कार्यालयात स्वतःच्या नावाने उभा राहू शकतो आणि स्थानिक समितीच्या निवडणुकीत मतही देऊ शकतो. आपल्या ठोक्याच्या शेतकऱ्याने वेचलेला कापूस मालकाच्या नोंदीवर विकला जातो, आणि मदतीचा संदेशही मालकाच्याच मोबाइलवर येतो.